मोबाईलवर आलंय, ते खरं का?

या वेळची बहुतेक पत्रं "डॉक्टर, मोबाईलवर आलंय की…" अशीच सुरू होतात. निव्वळ थापा आता आपल्याकडची माणसं ओळखू लागली आहेत. फसगत होते ती अर्ध्या खऱ्या मजकुराने. औषध खरं असतं, योजना खरी असते, पण मजकूर लिहिणाऱ्याला तुमचं वय, तुमचं काम, तुमचं शेत यातलं काहीच ठाऊक नसतं.

कशेळ्याजवळचे एक शेतकरी: लावणीआधी डॉक्सीसायक्लिन घेतली की लेप्टो होत नाही, असं ग्रुपवर आलं आहे. घरातल्या सगळ्यांना द्यावी का? सून गरोदर आहे, नातू सहा वर्षांचा.

सगळ्यांना मुळीच नाही. गोळी खरी आहे. पण असे मजकूर बहुधा मुंबईतल्या सल्ल्यावरून निघतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तिथे लेप्टोने बरेच बळी घेतले. तेव्हापासून पाणी तुंबलं की त्यातून चालत गेलेल्यांना लवकरात लवकर डॉक्टरांकडून ही गोळी घ्यायला सांगतात. तो एका दिवसाच्या संपर्काचा हिशेब झाला. तुम्ही चिखलणीपासून लावणी संपेपर्यंत रोज खाचरात उभे असता. अशा मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम देतात, तेही काम चालू असेपर्यंतच, आणि ते ठरवायचं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी. गरोदर सुनेला ही गोळी चालत नाही. आठ वर्षांखालच्या मुलालाही अशी देत नाहीत, दातांवर कायमचे डाग पडू शकतात. मोठ्यांनी ती जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेऊन लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका पोळते.

"गमबूट घाला" असंही त्या मजकुरात असेल. ज्याने ते लिहिलं त्याने गुडघाभर चिखलात आवण लावलेलं नाही, बूट तिथेच रुतून बसतो. त्यापेक्षा पायाला चीर, भेगा, फोड असतील तर ते आधी पट्टीने झाका आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुवा. उंदराच्या, गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात आलेले जंतू अशाच भेगांतून शिरतात.

गोळी घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. संपर्कानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे असं काही झालं तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा: "मी लावणीत होतो." लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर थेट मोठ्या रुग्णालयात. पाऊस सरल्यावर गवत आणि भात कापताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. गवतातल्या बारीक चिगर किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. ताप असेल तर काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली काळी खपली आहे का ते पाहा. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही आणि घाईतला डॉक्टर बघत नाही.

कडावच्या एक ताई: साप चावला तर आधी त्याचा फोटो काढा, म्हणजे योग्य लस देता येते, असा व्हिडिओ पाहिला. पोरं रात्री बॅटरी घेऊन खेकडे पकडायला जातात, म्हणून विचारते.

ताई, फोटोपायी एक मिनिटही घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात. ते घोड्यांच्या रक्तातून तयार होतं आणि मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठी जुनं आहे. रुग्णालयात डॉक्टर सापापेक्षा माणसाकडे बघतात: पापण्या मिटतायत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, काचेच्या नळीत घेतलेलं रक्त २० मिनिटांत गोठतंय का. लांबून सहज फोटो मिळाला तर उपयोग होतो, कारण आपल्या डोंगरातल्या हिरव्या चापड्यावर हे प्रतिविष बनवलेलं नाही. पण त्यासाठी सापाच्या मागे गेलेला दुसरा माणूसही चावून घेऊन येतो.

करायचं ते एवढंच: १०८ ला फोन, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून न हलवता ठेवणं, अंगठी-जोडवी काढणं. करकचून दोरी बांधू नका, चीर देऊ नका, तोंडाने ओढू नका. वाडीवरून खाली येताना त्याला चालवू नका, डोली करा. जमिनीवर झोपलेल्याला पहाटे पोटात दुखू लागलं, उलट्या झाल्या, पापण्या जड झाल्या, तर चाव्याची खूण नसली तरी मण्यारीचा संशय धरा. तिचा चावा पुष्कळदा कळतही नाही.

जाता जाता विंचवाबद्दल. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी मुलं पटापट दगावत. रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी त्यावर चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, आपल्याच रायगड जिल्ह्यात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळीही घरी द्यायची नाही.

खोपोलीचे एक निवृत्त कामगार: आयुष्मान कार्ड बंद होणार म्हणून फोन आला. त्यांनी पाठवलेली फाईल उघडली. पैसे गेलेले नाहीत, पण झोप उडाली आहे.

काका, झोपेची गोळी लिहून देत नाही. आधी फोनचं इंटरनेट बंद करा, ती फाईल आणि तिने बसवलेलं अ‍ॅप नातवाकडून काढून घ्या आणि बँकेत स्वतः जाऊन खात्यावर लक्ष ठेवायला सांगा. नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाईल म्हणजे कागद नव्हे, अ‍ॅप असतं. तेच तुमचे ओटीपी परस्पर वाचतं. आता लग्नपत्रिकेच्या आणि दंडाच्या चलनाच्या नावानेही अशा फाईली फिरतात. कार्ड खरं आहे, मोफत आहे. त्याचं काम केंद्रावर समोर बसून करा, फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, लवकर कळलं तर पुढच्या खात्यातच रक्कम अडवता येते. मुलगा रागावेल म्हणून लपवून ठेवणारे तुमच्या वयाचे पुष्कळ जण मला भेटतात. त्यांचा रक्तदाब मी मोजतो, कारण मात्र दोन महिन्यांनी कळतं.

नेरळहून एक विद्यार्थिनी: थंडी सुरू झाली की घरात सगळ्यांना सर्दी. आई ग्रुपवर आलेल्या फोटोवरून अँटिबायोटिक आणते.

साध्या सर्दीच्या विषाणूवर ती चालत नाही. पाकिटावरची उभी लाल रेघ आईला दाखवा: ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, याची खूण आहे. धाप लागली, ताप तीन दिवसांवर गेला किंवा कान दुखू लागला तर आईला घेऊन या. येताना घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पिशवीही आणा, त्यातलं काय टाकायचं ते मी सांगतो.