ध्वनिसेवा पाठ : माईक कुठे लावायचा, आवाज कुठून काढायचा



गेल्या महिन्यात एका गुरुवारचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं, तेव्हा बडोद्याच्या एका आजींचा निरोप आला. त्या अंथरुणाला खिळलेल्या आहेत, गुरुवारची वाट बघत असतात. म्हणाल्या, "आवाज आला रे बाळांनो, पण शब्द एकही कळला नाही." चूक आमचीच होती. प्रीअॅम्पचा आऊटपुट आम्ही रेकॉर्डरच्या माईक इनपुटला जोडला होता. आवाज फाटला, आणि असा फाटलेला आवाज नंतर काही केल्या नीट होत नाही. तेव्हा जे शिकलो ते सगळ्यांसमोर ठेवतो.

*प्रीअॅम्पचं काम काय?*
माईकमधून येणारा सिग्नल फार क्षीण असतो, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास. पुढच्या यंत्रांना लागतो तो लाईन लेव्हलचा, व्यावसायिक यंत्रांत सुमारे १.२३ व्होल्ट. मधली वाढ प्रीअॅम्प करतो. ६० डेसिबल गेन म्हणजे हजारपट! आता असा वाढवलेला सिग्नल परत माईक इनपुटमध्ये घातला तर काय होणार? तेच आमचं झालं. म्हणून नियम एकच: *माईक माईक इनपुटला, प्रीअॅम्पचा आऊटपुट लाईन इनपुटला.*

*वायर कशी ओळखायची?*
एक्सएलआर वायरच्या ज्या टोकाला तीन पिना दिसतात, तिथून आवाज बाहेर पडतो. भोकं असलेलं टोक आवाज आत घेतं. म्हणजे भोकांचं टोक माईकला, पिनांचं टोक प्रीअॅम्पला. पिन १ शील्डची, २ आणि ३ सिग्नलच्या. या दोन्हींवर सिग्नल एकमेकांच्या उलट असतो, पण वाटेत शिरलेली खरखर सारखीच असते. यंत्र दोघांतला फरक घेतं, म्हणून खरखर गळून जाते. लांब वायर टाकूनही आवाज स्वच्छ राहतो तो यामुळेच.

*४८ व्होल्टचं बटण*
बहुतेक कंडेन्सर माईकना हा फँटम पॉवर लागतो. हातात धरायच्या साध्या डायनॅमिक माईकला लागत नाही. जुन्या रिबन माईकला तो देऊच नये, खराब होऊ शकतो. बटण दाबण्याआधी गेन खाली आणि स्पीकर बंद, नाहीतर मोठा धाडकन आवाज होतो.

*जोडणीचा क्रम*
१. सगळं बंद असताना वायरी जोडा.
२. प्रीअॅम्प आणि मिक्सर आधी सुरू करा, अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना उलट, अॅम्प्लिफायर आधी.
३. गाणाऱ्याला सगळ्यात मोठ्या आवाजात गायला सांगा. लाल दिवा लागला तर गेन कमी करा. नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणून गेन लावू नका. भजन रंगलं की आवाज चढतोच.
४. एक आऊटपुट मिक्सरकडे, दुसरा रेकॉर्डरच्या लाईन इनपुटला.
५. दोन मिनिटं रेकॉर्ड करून *हेडफोनवर ऐका.* आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं.

*गुणगुण येत असेल तर*
प्रीअॅम्प आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवरून चालवा. विजेची वायर माईकच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे आम्ही पाहिलेत. असं कधीही करू नका. माईक हातात धरणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना हा पाठ जरूर वाचायला द्या. येत्या गुरुवारी अर्धा तास आधी या, वायरी तुमच्याच हातून जोडून घेऊ. सभागृहात बसलेल्याला थोडा कमी आवाजही चालतो, समोर सगळं दिसत असतं. आजींकडे मात्र तेवढा आवाजच पोचतो. तो स्वच्छ पोचवणं ही आपली सेवा.

जय गुरुदेव 🙏
— ध्वनिसेवा गट