संगणकातील रांग किती लांब असावी?

२०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, हे तुम्ही घरी ऐकले असेलच. 'जलदूत' नावाच्या त्या गाडीची पहिली खेप १० वाघिणींची, सुमारे ५ लाख लिटरची होती. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. ते पाणी आधी स्थानकाजवळच्या विहिरीत उतरवीत आणि तेथून शुद्धीकरणासाठी नेत. मध्ये विहीर कशाला? गाडी एकदम येते आणि लवकर रिकामी करावी लागते. पंप मात्र आपल्या संथ गतीने उपसतो. दोन गतींचा मेळ घालायला मध्ये साठा हवा.

संगणकातही अशी विहीर असते. एकाच वेळी चालणाऱ्या दोन आज्ञावलींना एकमेकींच्या स्मृतीत हात घालता येत नाही. तेव्हा एक आज्ञावली आपला संदेश कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे देते. कर्नेल तो रांगेत ठेवते आणि दुसरी आज्ञावली सवडीने उचलते.

ही रांग कर्नेलच्या स्वतःच्या स्मृतीत राहते आणि ती स्मृती डिस्कवर हलविता येत नाही. म्हणून मर्यादा हव्यात. लिनक्समध्ये साधारणतः एक संदेश ८,१९२ बाइटांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका रांगेत एकूण १६,३८४ बाइट मावतात. पहिल्या मर्यादेचे नाव एमएसजीमॅक्स, दुसरीचे एमएसजीएमएनबी. संदेश फार मोठा असेल तर तो सरळ नाकारला जातो. रांग भरली असेल तर पाठविणाऱ्या आज्ञावलीला जागा होईपर्यंत थांबवून ठेवतात. 'मी थांबणार नाही' असे तिने आधीच सांगितले असेल तर तिला नकार मिळतो.

आता आमच्या प्रयोगशाळेतील फजिती सांगतो. गरम पाणी निवताना तापमान कसे उतरते, याचा आलेख आम्ही संगणकावर काढत होतो. एक आज्ञावली सेकंदाला १०० वाचने घेई, प्रत्येकाचा ६४ बाइटांचा संदेश करी. दुसरी आलेख काढी, पण तिला सेकंदाला ९० च संदेश उरकत. (निवणाऱ्या पाण्याची १०० वाचने कशाला, असे तुम्ही विचाराल. ते आम्हांलाही नंतरच सुचले!) रांगेत दर सेकंदाला १० संदेश, म्हणजे ६४० बाइट साचत. १६,३८४ भागिले ६४० म्हणजे २५.६ सेकंद. नेमक्या तेवढ्याच वेळाने आलेखाला कोन पडे आणि उतार वाढे. पाणी एकाएकी लवकर निवू लागले की काय?

तसे नव्हते. रांग भरल्यावर वाचन घेणारी आज्ञावली अडून राही, सेकंदाला ९० च वाचने होत, आणि आम्ही मात्र दोन वाचनांत एक शतांश सेकंद धरून चाललो होतो. घड्याळच मागे पडले होते.

आम्ही मर्यादा चौपट केली, ६५,५३६ बाइट. कोन नाहीसा झाला नाही, १०२.४ सेकंदांवर सरकला. शिवाय नवीच अडचण आली. भरलेल्या रांगेत आता १,०२४ संदेश असत आणि शेवटच्याची पाळी ११ सेकंदांहून अधिक काळाने येई. तापमापी एक सांगे, पडदा ११ सेकंदांपूर्वीचे सांगे. पूर्वी हा उशीर ३ सेकंदांहून कमी होता. अखेर वाचने सेकंदाला १० केली. मग जुनी मर्यादाही पुरून उरली.

मग मर्यादा वाढवायचीच नाही का? तसे नाही. ६४ बाइटांचे ५०० संदेश एकदम आले आणि नंतर बराच वेळ काही आले नाही, तर त्यांना ३२,००० बाइट लागतील. येथे मोठी रांग खरोखर उपयोगी, कारण उसंतीच्या काळात ती रिकामी होते. जलदूतच्या विहिरीचे हेच काम होते. उलट रोजचा उपसाच आवकेपेक्षा कमी असता, तर कितीही खोल विहीर एक दिवस काठोकाठ भरली असती.

मर्यादा बदलणाऱ्यांना एक सूचना: नवा आकडा नव्याने उघडलेल्या रांगांना लागतो, जुन्या रांगेला आपोआप लागत नाही. आणि आज्ञावली संपली तरी रांग मागे राहते. ती मुद्दाम पुसावी लागते. आमचा एक अख्खा तास यातच गेला.

शाळेच्या संगणकावर लिनक्स असेल तर 'आयपीसीएस' ही आज्ञा देऊन रांगा पाहा. आणि हे उदाहरण सोडवा: संदेश १२८ बाइटांचा, आवक सेकंदाला ५०, जावक ४६, मर्यादा १६,३८४ बाइट. रांग किती सेकंदांत भरेल, आणि भरल्यावर शेवटच्या संदेशाला किती वेळ थांबावे लागेल?