गजबजलेल्या बंदरात नौका कोठे ठेवावी ?

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमाराचे बहुतेक भांडवल त्याच्या नौकेत गुंतलेले असते. ती समुद्रात असताना जितकी जपावी लागते, तितकीच बंदरात उभी असतानाही जपावी लागते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरात ऐन हंगामात नौकांची दाटी होते. अशा ठिकाणी धक्का, बोया व नांगर यांपैकी कशाचा आश्रय घ्यावा, हे मुक्कामाचा अवधी, पाण्याची खोली व हवामान पाहून ठरवावे.

धक्का.— मासळी उतरविणे, बर्फ, डिझेल व पाणी भरणे या कामांसाठी धक्का सोयीचा होय. काम संपताच जागा मोकळी करावी. दोर आखूड व ताठ बांधल्यास ओहोटीच्या वेळी नौका दोरावर लटकते किंवा दोर तुटतो. म्हणून पुढील व मागील दोर लांब व तिरपे घ्यावेत आणि कडेला जुने टायर लावावेत. नौका एकमेकींना लागून उभ्या असतील, तर बाहेरच्या नौकेने शेजारणीवर विसंबून न राहता आपले दोर धक्क्यालाही बांधावेत.

बोया.— तळाशी जड ठोकळा, त्यास साखळी व वर तरता बोया, अशी ही रचना असते. येथे नौका थोड्या जागेत फिरते. म्हणून दाटीच्या बंदरात रात्रीच्या मुक्कामास बोया चांगला. मात्र तळाशी घासून साखळी झिजते. हंगामापूर्वी ती तपासून घ्यावी. एका नौकेसाठी बसविलेल्या बोयाला दोन नौका बांधू नयेत.

नांगर.— गाळ व रेती यांत नांगर चांगला धरतो. कातळावर तो घसरतो किंवा अडकून बसतो. दोर किती सोडावा, याचा हिशेब भरतीच्या खोलीवरून करावा. उदाहरणार्थ, ओहोटीस खोली ३ मीटर, भरतीची वाढ २.५ मीटर व नाळेची पाण्यावरील उंची १ मीटर असल्यास बेरीज ६.५ मीटर होते. शांत हवेत याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३३ मीटर, आणि जोराच्या वाऱ्यात सातपट, म्हणजे सुमारे ४६ मीटर दोर सोडावा. केवळ ओहोटीची खोली धरून २० मीटर दोर सोडणाऱ्याजवळ भरतीच्या वेळी जेमतेम तिप्पट दोर उरतो व नांगर उपटण्याचा धोका संभवतो. लांब दोरावरील नौका वाऱ्याबरोबर मोठे वर्तुळ घेते. तेवढी मोकळी जागा नसल्यास तेथे नांगर टाकू नये.

वादळाची सूचना.— ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकणाजवळून गेले. अशा वेळी धक्क्यालगतच्या नौका धक्क्यावर व एकमेकींवर आदळून फुटतात. म्हणून सूचना मिळताच, वारा वाढण्यापूर्वीच, लहान होड्या किनाऱ्यावर उंच ओढाव्यात व मोठ्या नौका खाडीत आत आडोशाला न्याव्यात. वारा सुटल्यावर दोर सांभाळण्यासाठी कोणीही नौकेवर जाऊ नये. नौका पुन्हा बांधता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वजन बांधलेल्या दोराने खोली मोजण्याचे व वरील हिशेबाचे प्रात्यक्षिक मच्छीमारांना बंदरावरच करून दाखवावे. बोया बसविण्यापूर्वी बंदर निरीक्षकांची अनुमती घेण्यास सांगावे.