दारात आलेले पार्सल

कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यात दुपारी पुष्कळ घरांत वृद्धच असतात; ठगाला हीच वेळ सोयीची. न मागविलेले पार्सल पुढे करून तो पैसे मागतो. नकार मिळताच, ‘मागणी रद्द करतो, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा,’ अशी अदबीने विनंती करतो. खरी मेख येथेच आहे. तो अंक बँक खात्यातून रक्कम काढण्यासाठीही आलेला असू शकतो. म्हणून संदेश कशाविषयी आहे, हे आधी वाचावे. न मागविलेली वस्तू घेण्याचे बंधन कोणावरही नाही. टपालाची व्ही.पी. नाकारताना पूर्वी कोणी संकोचत नसे! पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता असते. हा क्रमांक शाळांच्या व ग्रामपंचायतींच्या फलकांवर ठळकपणे लिहावा.