उधारीतील बुडीत रक्कम आणि दुकानाचा हिशेब

गोव्याच्या किनारपट्टीतील गावांत किराणा दुकानाची बरीचशी विक्री उधारीच्या वहीवर चालते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, मजुराच्या हाती पैसा नसतो. दुकानदार तांदूळ, तेल, साखर देतो आणि चतुर्थी उलटली की वसुलीस लागतो. बहुतेक रक्कम परत येते. जी येत नाही, तिचे वहीत काय करावे याविषयी मात्र पुष्कळ दुकानदार उदासीन असतात. उधारीचा माल ज्या दिवशी विक्रीत धरला, त्याच दिवशी त्यावरील नफाही हिशेबात आला. पुढे पैसे बुडाले व नोंद तशीच राहिली, तर वही नफा दाखविते आणि गल्ला रिकामा असतो. अशा कागदी नफ्याच्या भरवशावर घरखर्चासाठी रक्कम उचलणारा दुकानदार वस्तुतः भांडवलच खात असतो.

समजा, ३१ मार्च रोजी एकूण येणे ८०,००० रुपये आहे. त्यांपैकी ३,००० रुपयांचा ऋणको गाव सोडून गेला असून त्याचा ठावठिकाणा नाही. ही रक्कम सरळ बुडीत समजावी : बुडीत येणे खाते नावे, त्या ऋणकोचे खाते जमा. उरलेल्या ७७,००० रुपयांपैकी नेमके कोणाचे बुडेल हे आज सांगता येत नाही. तेव्हा येणे किती जुने आहे यावरून अंदाज बांधणे इष्ट. वर्षापेक्षा जुन्या १२,००० रुपयांवर निम्मे, म्हणजे ६,०००. सहा महिने ते एक वर्ष या मुदतीच्या १५,००० रुपयांवर शेकडा १० प्रमाणे १,५००. ताज्या ५०,००० रुपयांवर शेकडा २ प्रमाणे १,०००. एकूण ८,५०० रुपये संशयित येण्यांची तरतूद म्हणून बाजूला काढावे. हे दर केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने ते आपल्याच मागील तीन-चार वर्षांच्या वहीवरून काढावेत. नफ्यातून ११,५०० रुपये वजा होतील व ताळेबंदात येणे ६८,५०० रुपये दिसेल. आकडा पाहून मन खट्टू होते खरे, पण हे नुकसान नोंदीमुळे झालेले नसते. पुढील वर्षी जे खरोखर बुडेल, ते प्रथम या तरतुदीतून भागवावे.

आयकराच्या दृष्टीने या दोन रकमांत भेद आहे. नुसत्या तरतुदीस सामान्य व्यापाऱ्याला वजावट मिळत नाही; वहीत बुडीत म्हणून निर्लेखित केलेल्या व पूर्वी उत्पन्नात धरलेल्या येण्यालाच ती मिळते. १ एप्रिल १९८९ नंतर येणे बुडाल्याचे सिद्ध करणे आवश्यक नाही, निर्लेखन पुरेसे आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. विक्रीच्या ठराविक टक्क्यांनी नफा गृहीत धरून कर भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यास मात्र ही वजावट वेगळी मागता येत नाही.

निर्लेखन म्हणजे ऋणकोस माफी, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. मागणीचा हक्क कायम राहतो. तो मुदतीने जातो. परतफेडीची मुदत ठरलेली नसेल, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. त्या तीन वर्षांच्या आत ऋणकोने बाकी मान्य असल्याचे लिहून सही दिल्यास मुदत नव्याने सुरू होते. म्हणून वर्षातून एकदा बाकीवर सही घेण्यात संकोच नसावा. गोव्यात जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेतील दीर्घ मुदतीचा आधार पूर्वी घेतला जाई. कराराने उत्पन्न झालेल्या येण्यांना १९६३ चाच कायदा लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले.

गाव सोडून गेलेला तो ऋणको पुढे कधी १,००० रुपये देऊन गेला, तर ते त्याच्या बंद झालेल्या खात्यात जमा न करता ‘बुडीत येण्यांची वसुली’ या खाती जमा करावेत. ते त्या वर्षाचे उत्पन्न ठरते. त्याच्या पानावर मात्र तारखेसह टीप अवश्य ठेवावी. तो पुन्हा उधारी मागावयास आला, तर तीच उपयोगी पडते.