शंभर रुपयांचं बक्षीस

कल्याणला स्टेशनबाहेर बरीच वर्षं माझा लॉटरीचा स्टॉल होता. लॉटरी घ्यावी का, असं ओळखीचे लोक अजूनही विचारतात. त्यांना वाटतं, मी कोटीच्या बंपरबद्दल बोलेन. पण माणूस बुडतो तो शंभर-दोनशेच्या बक्षिसानं.

निकाल लागला की गिऱ्हाईक तिकीट पुढे सरकवायचं. शेवटचे चार आकडे जुळलेले, बक्षीस शंभर. मी नोट काढायच्या आत आवाज यायचा, "राहू द्या शेठ, त्याचीच तिकिटं द्या." नोट गल्ल्याबाहेर आलीच नाही, पण घरी जाऊन गडी सांगणार, आज लॉटरी लागली! माझं कमिशन सुटत होतं, मी कशाला बोलतोय?

दुसरं दुखणं 'एका आकड्यानं गेलं' हे. तो दिवस हळहळीत जातो आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट तिकिटं, जणू नशीब दारापर्यंत येऊन परत गेलंय. सहा आकडी नंबर आणि दहा सिरीज धरल्या तर एक कोटी तिकिटं होतात. त्यात पहिल्या बक्षिसाच्या शेजारचा नंबर आणि पार दुसऱ्या टोकाचा नंबर, दोघांची किंमत सारखीच. हे मी काहींना समजावलंही. ते मान डोलवायचे आणि शेवटी ७ असलेलं तिकीट मागायचे.

'सरकारी आहे हो' असंही ऐकायचो. खरंय, महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ पासून चालू आहे, मटक्यासारख्या बेकायदा जुगाराला आळा बसावा म्हणून. सोडत चोख असते, एवढाच त्याचा अर्थ. सगळी तिकिटं मिळून जेवढे पैसे जमतात, तेवढे बक्षिसांत परत येतच नाहीत. छपाई, कमिशन आणि सरकारचा वाटा त्यातूनच निघतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे शंभराच्या तिकिटातले साडेअठ्ठावीस रुपये सोडतीआधीच करात गेले.

दिवाळी बंपरचं एखादं तिकीट हौसेनं घेतलंत तर मी अडवणार नाही. मात्र शंभर लागले तर ते खिशात घालून चालू पडता येतं का, हे आधी स्वतःला विचारा. येत नसेल तर स्टॉलसमोर थांबूच नका. उधारीवर तर कधीच नाही.

मोठं बक्षीस लागलंच, तर तिकिटाच्या मागे लगेच नाव, पत्ता, सही करा, झेरॉक्स काढा आणि मुदतीत दावा लावा. मुदत टळली की रक्कम सरकारजमा. दहा लाखांवर ३० टक्के कर आणि वर उपकर, मिळून तीन लाख बारा हजार जातात, बाकीचं उत्पन्न कितीही कमी असो. आजवर तिकिटांवर घातलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. याच वेळी कुणीतरी येऊन 'जास्त रोख देतो, तिकीट मला द्या' म्हणेल. त्याला काळा पैसा पांढरा करायचा असतो, आणि चौकशी झाली की तुम्हीही त्यात ओढले जाता.

व्हॉट्सअॅपवर 'केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागली, आधी फी भरा' असं आलं तर सरळ ब्लॉक करा. केरळ लॉटरीचं ऑनलाइन तिकीट कुणी देऊ केलं तरी तेच. तिथलं सरकार फक्त कागदी तिकिटं विकतं.