कंटेनर येईपर्यंतचं घर

प्रश्न : पुण्याहून मेलबर्नला आलो आहोत. सामान जहाजाने येतंय, अजून दोनेक महिने लागतील. तोवर रिकाम्या घरात काय घ्यावं?

उत्तर : गादी मात्र नवी आणि चांगली घ्या, झोपेत काटकसर नको. पुढे ती पाहुण्यांना होईल. टेबल-खुर्च्या ‘साल्वोज’, ‘व्हिनीज’ या धर्मादाय संस्थांच्या दुकानांत जुन्या मिळतात, गरज संपली की सुस्थितीतल्या वस्तू तिथेच दान करता येतात. फ्रिज भाड्याने आणा. सामानात मिक्सर असेल तर दुसरा घेऊ नका. वीज भारतासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. फक्त प्लग वेगळा. देव्हारा, पोळपाट अशा लाकडी वस्तू जैवसुरक्षा तपासणीत अडकू शकतात, तेव्हा भाड्याची मुदत थोडी वाढवूनच ठरवा.